मागच्या दाराचा माणूस

कुंदननं पेपरात गुंडाळलेला कोयता आणून हॉलमधल्या टीपॉयवर ठेवला तेव्हा बुधवारचे दहा वाजून गेले होते, आणि घरात सकाळपासून कुणी चहापलीकडे काही पोटात घातलं नव्हतं.

“हा काकाच्या हातात होता,” तो म्हणाला.

त्याच्या आईनं, सगुणानं, कोयत्याकडे पाहिलं. कोयता घरचाच होता. पावसाळ्याआधी नारळाच्या झावळ्या तोडायला माळ्यावरून उतरायचा तोच. मूठ सैल झाली म्हणून तिनंच तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. आपल्या हातचं काम आपल्यासमोर असं खोटं बोलायला येऊन बसलं होतं.

“बारा वाजता हवालदार येतोय उन्नतीचा जबाब घ्यायला,” कुंदन म्हणाला. “सगळ्यांनी एकच बोलायचं. तोंडाला टॉवेल बांधलेला माणूस, एका हातात कोयता, दुसरा हात खिडकीतून आत घालून कडी काढत होता. घरात एकटी बाई आणि तापानं फणफणलेली पोर. तिनं जीव वाचवायला पाईप मारला. बस्स. यातला फक्त कोयता आपण घालतोय. बाकी सगळं खरंय.”

हे मात्र खरं होतं. टॉवेल होता, हात होता, ताप होता. एक कोयता सोडला तर कुंदन खोटं काहीच सांगत नव्हता.

कुंदनचा बाप पंढरी सोफ्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. एकाहत्तरीचा माणूस, उभं आयुष्य आधी मिठागरावर आणि मग सिडकोच्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर उन्हात काढलेला. काल दुपारपासून तो चारच वाक्यं बोलला होता आणि चारही तीच. ते वाक्य तो आता पाचव्यांदा बोलला. “त्यो मागच्या दाराला आयलाच कशाला?”

उत्तर माहीत असलेली एकच बाई त्या हॉलमध्ये होती आणि ती कोयत्याकडे बघत बसली होती.

महिन्याभरापूर्वी पलीकडच्या पाड्यात भर दुपारी चार जण स्वयंपाकघराच्या दारातून एका घरात शिरले. म्हाताऱ्याला खुर्चीला बांधलं, म्हातारीच्या कानातलं ओरबाडलं. कानाची पाळी फाटली तिची. म्हातारा धसक्यानं तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून सगळ्या गावाची झोप उडाली. देवळाच्या हॉलमध्ये पोलिसांनी सभा घेतली, साहेबांनी पंचेचाळीस मिनिटं सांगितलं की दार उघडण्याआधी विचारा, अनोळख्याला साखळीआडून बोला, आणि चोर पुढून येत नाही, मागून येतो. लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन्ही हार्डवेअरच्या दुकानांतले अडसर संपले.

कुंदन कुठलीही गोष्ट अर्धी करत नाही. त्याचं कौतुकही तेच आणि खोडही तीच. द्रोणागिरीच्या गोदामांकडे त्याचे दोन ट्रेलर चालायचे, आणि ट्रेलरला जशी रोज सकाळी तपासणी तशी त्यानं घराला लावली. पुढे स्टीलचं दार, दारावर कॅमेरा, कॅमेरा मोबाईलमध्ये. खोलीखोलीत दीड हात लांबीचा लोखंडी पाईप. एक पाईप देवघरातसुद्धा. सगुणानं त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, “देवांत येऊन बसलाय तर मान द्या त्याला.” दर रविवारी कुंदन शिट्टी फुंकायचा आणि सगळ्यांना आपापल्या जागा घ्यायला लावायचा. उन्नतीनं छोटीला न्हाणीघरात कोंडायचं, कडी लावायची, पाईप घ्यायचा, ओरडायचं. पहिल्या रविवारी उन्नतीला हसू आवरेना. तिसऱ्या रविवारी तिची वेळ चौदा सेकंदांवर आली आणि कुंदननं तिला शाबासकी दिली. हसत हसत शिकलेलं माणूस विसरत नाही म्हणतात. उन्नती विसरली नाही.

पण या गावाचा शतकभराचा रिवाज पोलिसांच्या साहेबाला कुठून ठाऊक असणार! इथे पुढच्या दारानं पाहुणे येतात, तलाठी येतो, मतं मागणारे येतात. आपला माणूस परसातून येतो. नळावर पाय धुतो, हाक मारत नाही, दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात घालून स्वतःच कडी काढतो, आणि चुलीपाशी येऊन विचारतो, “काय रांधलंय आज?” चुलीपुढच्या बाईला उठवायचं नाही, हा त्यातला विचार. ती खिडकी दाराला लागून ठेवायची ती त्यासाठीच. अकरा वर्षांपूर्वी जुनं घर पाडून बंगला बांधला तेव्हा नवीन मिस्त्री म्हणाला, ही खिडकी दाराला इतकी चिकटून चुकीची आहे. सगुणा म्हणाली, “चुकीचीच बांद.”

आणि त्याच बंगल्यावरून भावाभावांत फाटलं. वास्तुशांतीच्या दिवशी पुढच्या दारावर संगमरवराची पाटी लागली, पाटीवर एकच नाव, पंढरीचं. धाकटा भाऊ सिताराम पाटीसमोर उभा राहिला आणि सगळ्या पाहुण्यांत म्हणाला, “दादूस, माजं नाव खोडलं की कोरलंच नाय?” पंढरी चुकला होता. पाटी करायला टाकताना त्याला सुचलंच नव्हतं, आणि सुचलं नव्हतं हे चारचौघांत कबूल करायची लाज वाटली, म्हणून तो रागावला. लाजेपेक्षा राग सोपा पडतो माणसाला. तो म्हणाला, “आजपासून या घरान यायचं तं पुढच्या दारानं ये, पावन्यासारका. मागचं दार घरच्यांचं.” सिताराम म्हणाला, “मंग पावना होऊन नाय येनार मी. मागच्या दारानं बोलवशील तवा येईन.” आणि बायकोपोरांना घेऊन तो सासरवाडीला, दिघ्याला गेला. पंढरीनं परसातली खिडकी झडप लावून बंद केली. उन्नती या घरात सून म्हणून आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. सितारामचा फोटोही तिनं पाहिला नव्हता, कारण फोटो कपाटात वरच्या खणात गेले होते.

“झडप उघडी कशी राहिली पण?” कुंदननं आता विचारलं. “अकरा वर्षं बंद आहे ती. मी स्वतः सोमवारी बघितली.”

उन्नती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. कालचाच गाऊन अंगावर. शाळेत पस्तीस पोरांना धाकात ठेवणारी ही बाई कालपासून आपलेच दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

“मीच उघडली असेन,” ती म्हणाली. “सकाळी धूर झाला होता. मला आठवत नाहीये. पण मीच असेन.”

सगुणानं पदर तोंडाला लावला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

झडप तिनं उघडली होती. मंगळवारी सकाळी नऊ वाजता, पंढरी डोळे दाखवायला पनवेलला गेल्यावर. अकरा वर्षांची गंजलेली खिट्टी, खोबरेल तेल सोडून, पाट्याच्या वरवंट्यानं ठोकून. सितारामला फोन तिनं केला होता, रविवारी, नंबर लेकीकडून, संध्याकडून, घेऊन. “भावजी, मंगळवारी दुपारच्याला ये. दादूस घरान नसंल. जेवाया बस. त्यो येईल तवा तुजा हात ताटान असंल. जेवत्या मानसाला उठवत नाय त्यो.” मग सितारामनं एवढंच विचारलं, “कंच्या दारानं येऊ, वयनी?” आणि ती म्हणाली, “खुळा हायस का? मागच्या.”

घरात कुणाला सांगितलं नाही. कुंदनला सांगितलं असतं तर तो बापाला बोलला असता. उन्नतीला सांगितलं असतं तर ती कुंदनला बोलली असती. नवराबायकोचं चांगलं पटायचं, त्याचाच सगुणाला धाक वाटला. दुपारच्याला म्हणजे एक वाजता, असा तिचा हिशेब. पण अकराला शेजारच्या उज्वलाकडून बोलावणं आलं. हळदीचं घर, लग्नाचे धवले म्हणणारीचा घसा बसलेला, आणि गावात सगळे धवले तोंडपाठ असलेली दुसरी बाई सगुणाच. ती म्हणाली, अर्ध्या तासात आले. छोटीला ताप म्हणून उन्नती घरी राहिलेली, तिला सांगून गेली, “दारं लावून घे गो.” नेमकं हेच सांगून गेली, आणि जे सांगायचं ते नाही.

सिताराम साडेअकराला आला. उरणची गाडी सुरू झाल्यापासून दिघ्याहून येणं सोपं झालं होतं आणि अकरा वर्षांनी बोलावणं आलेला माणूस काय घड्याळ बघत बसतो? कंटेनरच्या रस्त्याची धूळ म्हणून तोंडाला टॉवेल. हातात पिशवी, पिशवीत खाडीच्या चिखलातले जिवंत मासे, निवट्या, कारण वयनीला निवट्यांचं कालवण आवडतं. त्यानं नळावर पाय धुतले. उन्नतीला पाण्याचा आवाज आला. मग गजांतून एक हात आत आला आणि जराही न चाचपता सरळ कडीवर गेला. तिनं चौदा सेकंदांत सगळं केलं.

सगुणा धवल्याच्या मधल्या ओळीवर होती तेव्हा किंकाळी आली. ती पोचली तर भावजी मागच्या ओट्याखाली धुण्याच्या दगडापाशी पडलेला, डोक्याखाली रक्त, मनगट भलतीकडे वळलेलं, आणि सगळ्या परसात निवट्या उड्या मारत होत्या. त्यानं डोळे उघडून तिला पाहिलं आणि म्हणाला, “लवकर आयलो का गो?”

“आई.”

संध्या मागे येऊन उभी होती. सगुणाची थोरली, करावे गावात दिलेली. सासरी सीवूड्सच्या मॉलसमोर तिच्या नवऱ्याचं मेडिकलचं दुकान. तिनं स्वयंपाकघराचं दार ढकलून घेतलं.

“रविवारी तू माझ्याकडनं नंबर घेतलास. बोललीस, काकाच्या प्रीतमच्या पोरीला बाळलेणं पाठवायचंय.”

सगुणा भांडी उगाच इकडची तिकडे करू लागली.

“तू बोलावलंस ना काकाला?”

“हलू बोल.”

“म्हणजे हो.” संध्या खाली पाटावर बसली. “आई गं. मग तिकडे बोल ना. ती बिचारी स्वतःवर घेतेय, दिसत नाही तुला?”

“बोलून काय व्हनार आथा? तुजा बाप मना घरातनं काडील.”

“या वयात कुठे काढतोय तो तुला!”

“मनातनं काडील,” सगुणा म्हणाली. “पंचाळीस वर्सां त्येच्या मागनं काय केलं नाय मी. एक गोस्ट केली.” तिचा आवाज फुटला. “भावजी बरा झाला का सांगीन. त्येच्या समोर सांगीन.”

“आणि नाही झाला तर?”

सतराव्या वर्षी सगुणा या घरात आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली आणि सिताराम बारा वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, शाळेत जायला मारलं तिनं, त्याच्या लग्नात आईच्या जागी तीच बसली. तो बरा होणार नाही हा विचार तिनं डोक्यात येऊ दिला नव्हता.

“कुंदनचं काही मी ऐकणार नाही,” संध्या डोळे पुसत म्हणाली. “सकाळी मला पण वाटलं, उन्नती सुटली पाहिजे, काहीही बोला. पण तो कोयता बघवत नाही मला. काकाला दरोडेखोर करून ठेवायचं? गावात तोंडातोंडी होईल. प्रीतमच्या पोरीला उद्या कोण विचारील?”

तेवढ्यात पुढची बेल वाजली. कुंदननं मोबाईल बघितला आणि “प्रीतम,” म्हणाला, अशा आवाजात की घरातल्या सगळ्यांना ऐकू जावं.

सितारामचा मुलगा तो, ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला. या बंगल्यात यापूर्वी तो आला होता तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. कुंदननं स्टीलचं दार उघडलं, साखळी काढली, वरची खिट्टी काढली, खालची काढली. एवढा वेळ प्रीतम बाहेर उभा. आत आला, चपला काढल्या, बसला नाही.

“बसायला नाय आलो,” तो म्हणाला. “एक सांगायचंय आणि एक विचारायचंय. काल संध्याकाळी बाबानं पोलिसांना जबाब दिला. पाय घसरला, ओट्यावरनं पडलो, घरात कोनी नव्हतं. हवालदार दोनदा बोल्ला, आजोबा, मनगटावर मार कसला? तर बोल्ला, पडताना गज लागला. सही करता येईना, अंगठा दिला.”

कुंदननं श्वास सोडला. त्याचे खांदे दोन बोटं खाली आलेले सगुणाला दिसले, आणि आपल्या पोटच्या पोराला हलकं वाटलं याची तिला शरम वाटली. कुंदननं पायानंच पेपरची गुंडाळी टीपॉयखाली सारली, पण प्रीतमची नजर तिकडे गेली होती.

“हे काय?”

प्रीतम वाकला, पेपर उघडला, बघितलं, परत बंद केला. त्याला समजायला वेळ लागला नाही.

“भारी,” तो म्हणाला. “तिकडे तो तुमच्यासाठी खोटं बोलला, इकडे तुमी त्याच्यासाठी. फॅमिली हाय खरी.”

“प्रीतम, तू माझ्या जागी असतास तर...” कुंदन म्हणाला. “बायको आहे रे माझी.”

“बाप हाय माजा.”

“काका आता कसे आहेत?” संध्यानं विचारलं.

“पहाटेपासून बोलत नाय. आत रक्त साचलं. सकाळी ऑपरेशन केलं. डॉक्टर बोलतात शुद्ध येईल का ते सांगू शकत नाय.” त्यानं हे सगळं भिंतीकडे बघत सांगितलं. मग वळला आणि पंढरीसमोर आला. “मोठे काका, आता विचारतो. घरातनं निघताना तो आईला बोल्ला, बोलावणं आलंय. नवा शर्ट घातला. आईनं विचारलं, कोनाचं? तर नुसता हसला. कोनी बोलावलं त्याला?”

“कोनी नाय,” पंढरी म्हणाला. “कोन बोलवील? मी पनवेलला व्हतो. मी नाय ते बगून मागनं शिरला. घराचे कागद बगाया आयला असंल, नाव घालायला.”

“बाबा!” संध्या म्हणाली.

“मंग काय बोलू? सरळ मानूस व्हता तं पुढनं का नाय आयला? बेल हाय, कॅमेरा हाय. चोरावानी गजातनं हात...”

संध्या आता आईकडे बघत होती. नुसती बघत होती. सगुणाच्या मनात आलं, गप्प राहिलं तर सगळं निभतंय. सितारामनंच निभावलंय. पोलिस परत जातील, उन्नती सुटेल, कोयता माळ्यावर जाईल आणि फोनचं कुणाला कधी कळणार नाही. फक्त तो माणूस, बोलता येत नसताना, चोर म्हणून राहील. लहानपणी कुंदननं फोडलेला माठ सितारामनं आपल्यावर घेतला होता आणि पंढरीचा मार खाल्ला होता, तेव्हाही ती गप्पच होती.

“चोर नाय त्यो,” ती म्हणाली. “मी बोलावला.”

पंढरीनं मान वर केली.

“रविवारी फोन केला. झडप मी उघडली, उन्नतीनं नाय. त्यो ईचारत व्हता कंच्या दारानं येऊ, मी बोल्ले मागच्या. आनि मी तिकडे धवले गात बसले.” आता थांबता येईना. “पोरीला मी काय सांगितलं नाय. तिला ठावं असतं तं तिनं दार उगडून पाट मांडला असता. तिचा दोस नाय. पाईप तिच्या हातान व्हता, पन मारला मी.”

उन्नतीनं तोंडावर हात घेतला. कुंदन आईकडे असा बघत राहिला, जणू घराच्या सगळ्या कड्या लावून झाल्यावर राहिलेली एक कडी घरातच उभी होती. प्रीतम खाली बघत होता.

पंढरी उठला. सगुणाला वाटलं, आता बोलेल तो शब्द आपल्याला मरेस्तोवर पुरेल. पण तो मोठ्यानं बोलला नाही.

“मना का नाय सांगितलास?”

“सांगितलं असतं तं तुमी येऊ दिला असता?”

प्रश्न रागानं विचारला होता. अकरा वर्षं तिनं तो मनात विचारला होता आणि दर वेळी त्याचं उत्तरही तिनंच दिलं होतं. म्हणून ती पुढे बोलायला लागली होती, तर तो म्हणाला, “दिला असता.”

“दिला असता गो,” पंढरी म्हणाला. “कवाचा दिला असता. पयल्या वर्सी नाय. दुसऱ्या वर्सापासनं... कोनीतरी ईसय काडील म्हनून वाट बगत व्हतो. मी कसा काडू? मीच हाकललेला. तू एकदा बोल्ली असतीस, त्येला बोलवा, मी दोन शिव्या दिल्या असत्या, आनि बोलावला असता.”

नवऱ्याचा राग सोसायला सगुणा तयार होती. हे तिला सोसेना. अकरा वर्षं ती त्याच्या रागाला जपत राहिली, सितारामचं नाव त्याच्यासमोर काढलं नाही, सणाला दिराच्या आवडीचं काही रांधलं नाही, आणि तो तिकडे तिच्या तोंडातून ते नाव निघायची वाट बघत बसला होता. एकाच बिछान्यात. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं हा तिला केवढा गर्व होता.

“चला,” प्रीतम म्हणाला. “मोठे काका, चला तुमी. त्याला आता ऐकायला येत नाय. तरी चला.”

पंढरी शर्ट घालायला आत गेला. बटणं लागेनात म्हणून तसाच बाहेर आला आणि संध्यानं ती लावली. कुंदननं गाडीची चावी घेतली. उन्नतीही उठली, ओढणी शोधायला लागली.

“वयनी, तू नको,” प्रीतम म्हणाला. दारात, पाठमोरा. “राग नाय. म्हंजे, हाय. पन ते नाय. आई बसलीय तिथं. तिला तुज्याकडे बघायला लागेल. आज नको.”

उन्नतीनं मान हलवली. सगुणा एक पाऊल दाराकडे गेली. तिला जायचं होतं. त्या खाटेपाशी बसायचा हक्क पंढरीच्याही आधी तिचा होता, हे तिथे असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं पायरीपाशी उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमी व्हा पुढं. पोरीपाशी कोनी पायजे.”

संध्यालाही घेऊन गाडी गेली. छोटी वर झोपली होती, ताप उतरला होता. हवालदाराचा फोन आला की जखमीचा जबाब झाला आहे, आता घरी येत नाही, सही करायला कधीतरी येऊन जा. सगुणानं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

“आई,” उन्नती म्हणाली, “ते माझ्यासाठी खोटं बोलले. मला ओळखतही नव्हते.”

“सून हायस या घरची. तेवडी वळख पुरली त्येला.”

“आणि मला नाही पुरली.” ती रडायला लागली, कालपासून पहिल्यांदा. “मला त्यांचा नुसता हात दिसला हो. मी ओळखायला पाहिजे होतं का? चोराचा हात असा सरळ कडीवर कसा जाईल, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं ना?”

“कसं येईल? नऊ वर्सां झाली तुज्या लग्नाला. आमी त्यो मानूस तुला दाखवला नाय. नावसुदा नाय काडलं.” सगुणा तिच्या शेजारी पायरीवर टेकली. गुडघे दुखले, पण ती टेकली. “चूक कराया तुला आमीच शिकवलं, बाय. तू नुसती नीट शिकलीस.”

मग उन्नतीनं नाक पुसलं आणि लहान पोरीनं विचारावं तसं विचारलं, “कसे आहेत ते?”

हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी विचारला गेला असता, नव्या सुनेला घरातली माणसं समजावून द्यायच्या दिवसांत, तर सगुणानं तासभर सांगितलं असतं. तिनं आता सांगायला सुरुवात केली. पाण्याला कसा वेडा, खाडीत उतरला की भरती येईपर्यंत बाहेर नाही. चालताना डावा खांदा वर. लाज वाटली की कान लाल. भावाशी भांडेल, पण भावाला दुसऱ्या कुणी बोललेलं चालायचं नाही. उन्नती ऐकत होती, मन लावून, परीक्षेला बसल्यासारखी.

“हसाया लागला का आवरायचं नाय त्येला,” सगुणा म्हणाली. “डोळ्यांतनं पानी यायचं. लई हसरा व्हता.”

ती थांबली. उन्नतीनं तिचा हात धरला.

“हाय,” सगुणा म्हणाली. “हसरा हाय.”